चार्जर कुणाचा?

एकोणीस वर्षांत बजाबाईनं शाळेच्या कोठीतला तांदळाचा एक दाणा घरी नेला नव्हता. कुणी विचारलेलं नसतानाही ती हे सांगायची, आणि त्याला कारण होतं. तिच्या आधी जी बाई पोरांची खिचडी शिजवायची तिच्या ओच्यात वाटीभर तूरडाळ सापडली होती. वाटीभरच, पण त्यानंतर त्या बाईला वस्तीवर कुणी शेतात भांगलायलासुद्धा बोलावलं नाही. लोक विसरतात म्हणे. विसरत काही नाहीत, नुसतं बोलायचं थांबतात. म्हणून बजाबाई स्वतःची भाकरी घरनं फडक्यात बांधून आणायची, आणि पातेल्यात खिचडी उरली तरी गुरुजींनी दोनदा म्हटल्याशिवाय ताटात घ्यायची नाही.

अशी ही बाई सोमवारी खोटं बोलली, आणि तेही चौथीतल्या एका पोरीशी.

झालं होतं असं. मंद्रूपच्या पुढं दोन कोसांवर ही वस्ती. वस्तीला वीज देणारा डीपी जळून नऊ दिवस झाले होते. पहिले दोन दिवस लोकांनी फोन केले, तिसऱ्या दिवशी शिव्या दिल्या, चौथ्या दिवशी रॉकेलची चिमणी शोधली, आणि आता सवय लागायला लागली होती. शाळा मात्र पाणीपुरवठ्याच्या डीपीवर होती, त्यामुळं तिथं पंखे गरगर फिरत होते. ज्यांच्या घरात नऊ दिवस दिवा नव्हता, ती पोरं सकाळी शाळेत येऊन वीज वाचवत होती. आमच्याकडं सगळं असंच उफराटं असतं.

वीज वाचवायचं खूळ दानेश्वरी बाईंचं. खूळ म्हणायचं ते मायेनं. ही तरणी मास्तरीण सोलापुरातनं रोज स्कूटीवर यायची. मूळची अक्कलकोटकडची, वस्तीवरच्या कन्नड बोलणाऱ्या पोरांशी कन्नडात बोलायची, त्यामुळं पोरं तिच्यावर जीव टाकायची. तालुक्याच्या एका प्रशिक्षणातनं ती हे घेऊन आली. रोज सकाळी एका पोरानं व्हरांड्यातल्या मीटरचा आकडा वाचायचा आणि फळ्यावर लिहायचा. कालच्यापेक्षा कमी वीज गेली तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाकं खिडकीजवळ सरकवली, तशा दिवसा ट्यूबलाइटी लागेनात. टाकी भरून वाहायला लागली की मोटार बंद करायला पळण्याची पाळी लावली. वर्ग रिकामा झाला की शेवटच्या पोरानं पंखा बंद करायचा. एकदा धोंडप्पा गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, एकटेच वर्गात वही तपासत बसले होते, तर पहिलीतल्या एकानं येऊन त्यांचाही पंखा बंद केला. मार्चचं ऊन होतं. गुरुजी घाम पुसत हसले.

इथवर सगळं छान होतं. पण बाईंना वाटलं, पोरांना खेळ पाहिजे, आणि त्यांनी खेळाला नाव दिलं ‘वीजचोर पकडा’. कुणी वापरत नसताना जे यंत्र वीज खातं ते चोर. टीव्ही बंद असून त्याचा तांबडा ठिपका चालू राहतो, तो चोर. चोर सापडला की तो वहीत लिहायचा. वही उत्कर्षाकडं. चौथीतली ही पोरगी दोन वेण्या घट्ट घालून यायची आणि त्याहून घट्ट नियम पाळायची. दानेश्वरी बाईंनी ‘चोर’ हा शब्द हसत हसत फळ्यावर लिहिला. शब्द काय, फळ्यावर लिहिला की पुसता येतो असं त्यांना वाटलं असेल.

खिचडीला फोडणी घालता घालता बजाबाईनं तो शब्द ऐकला आणि तिच्या हातातला झारा थांबला. कारण डीपी जळाल्यापासून ती शाळेच्या दिवशी रोज अकरा ते एक, स्वैपाकखोलीतल्या बोर्डावर आपला मोबाईल लावत होती. कुणाला न विचारता.

मोबाईल तिला चैनीला नको होता. तिची लेक ऋतुजा जेऊरला दिली होती, आणि तिला नववा महिना लागला होता. दुसरं बाळंतपण, म्हणजे सासरीच. पण सासू गेल्या साली वारली, आणि जावई माढ्याकडं कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवत होता. हंगाम संपेपर्यंत त्याचं येणं लांब. घरात ऋतुजा आणि तिचं तीन वर्षांचं पोर. डॉक्टरांनी तारीख पंधरा दिवसांनंतरची दिली होती. बजाबाईनं त्याआधी चार दिवस जायचं ठरवून गुरुजींना सांगून ठेवलं होतं. पण पोटातलं लेकरू तारीख वाचत नाही, हे तिला तीन बाळंतपणांनंतर ठाऊक होतं. तिनं लेकीला शब्द दिला होता, "कळ आली की नुसती रिंग दे. म्या फोन हातात घिऊनच बसते. सोलापुरास्नं पयल्या गाडीनं येते."

फोन जुना, मुलानं वापरून टाकलेला. एकदा भरला की चारेक दिवस चालायचा, तोही नीट वागला तर. एकदा तिनं तो दूधवाल्या अजिंक्यकडं दिला, मंद्रूपच्या डेअरीत भरून आण म्हणून. तो संध्याकाळी परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरला नाही. फोन तिकडं वाजला असता तर? त्यापेक्षा शाळेतलं बरं म्हणून तिनं चार्जर पदरात लपवून आणला. विचारायला काय झालं होतं, असं आपण म्हणू. पण जी बाई उरलेली खिचडी मागत नाही ती वीज कशी मागेल?

सोमवारी उत्कर्षा स्वैपाकखोलीत आली. नियमाप्रमाणं तिनं बोर्ड पाहिला. फोन बजाबाईच्या कमरेला होता, पण चार्जर तसाच लोंबत होता, बटण चालू.

"मावशी, हा चार्जर कुनाचा?"

बजाबाई पातेल्यात झारा फिरवत राहिली. "बाईंचा आसंल की," ती म्हणाली.

उत्कर्षानं बटण बंद केलं, पेन्सिल ओली केली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती गेल्यावर बजाबाईनं चार्जर काढला आणि हळदीच्या डब्यात खुपसला. मग तिला वाटलं, हळदीच्या डब्यात कुणी चार्जर ठेवतं का? हा तर आणखी चोरटेपणा झाला. पण बाहेर काढायचा धीरही होईना.

दुसऱ्या दिवशी पोरीनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, माझा नाही. गुरुजी म्हणाले, माझाही नाही. बजाबाईला वाचता जेमतेम येत होतं, पण दुपारी उत्कर्षा वही बाकावर विसरून हात धुवायला गेली तेव्हा तिनं पान उघडून एकेक अक्षर लावलं. टीव्हीचा ठिपका. टाकीची मोटार. ऑफिसातला कॉम्प्युटर. आणि शेवटी: ‘चार्जर. कुणाचा ते माहीत नाही.’

त्या दिवसापासून तिनं शाळेत फोन लावायचं बंद केलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. बजाबाईच्या मनात तर भरदुपारी चांदणं पडलं होतं. पोरं हसली की तिला वाटायचं आपल्यावरच. दोन पोरं कानात बोलली की ती पातेलं सोडून दारात यायची. दानेश्वरी बाईंनी सहज विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" तर ती म्हणाली, "कोन म्हनलं?" आणि बाई बघतच राहिल्या. फोनवरचा आकडा मात्र कुणासाठी थांबत नव्हता. मंगळवारी एकसष्ट. बुधवारी सकाळी अडतीस. ती तासाला तीनदा फोन उघडून बघायची आणि बघण्यानंच तो आणखी उतरायचा. अजिंक्यकडं द्यावा म्हटलं तर तो शेजारच्या गावी लग्नाला गेलेला. मंद्रूपला चालत जावं तर खिचडी कोण शिजवणार? गुरुवारी तिनं लेकीला फोन लावून एवढंच विचारलं, "बरी हायस न्हवं?" ऋतुजा म्हणाली, पाय सुजलेत, बाकी काही नाही. बजाबाईनं पुढचं बोलणं आवरून फोन ठेवला, कारण बोललं की बॅटरी जाते. लेकीला ते तुटक वाटलं असणार.

शुक्रवारी संध्याकाळी फोननं एकदा थरथरून डोळे मिटले.

शनिवारची शाळा सकाळची. बजाबाई झुंजुमुंजूलाच आली, पण गुरुजी येऊन बाहेरचं कुलूप काढेपर्यंत पोरंही जमली. तिनं मनाशी ठरवलं होतं, आज काही झालं तरी कोठीच्या कोपऱ्यात फोन लावायचा, पोरं प्रार्थनेला उभी असताना. पाच मिनिटं तरी. तेवढ्यात तो जागा होईल, रिंग आली असली तर कळेल. तिनं हळदीच्या डब्यात हात घातला. पण दारात दानेश्वरी बाई उभ्या. त्यांच्यामागं अख्खी शाळा.

"मावशी, आज पाच मिनिटं गॅस राहू दे," बाई म्हणाल्या. "आज आपण मीटर थांबवणार आहोत. तुम्हीपण चला."

बाईंनी पोरांना समजावलं होतं ते असं: शाळेतलं एकूण एक बटण बंद केलं, तर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. वीज जातच नाही तर तो लुकलुकेल कशाला? आणि तरीही लुकलुकला, तर शाळेत अजून एक चोर आहे.

पोरं वर्गावर्गातनं पळाली. बटणं खटाखट खाली पडली. कॉम्प्युटरची पिन काढली, टीव्हीची काढली. सगळे व्हरांड्यात जमले. चौतीस पोरं, दोन मास्तर आणि बजाबाई. बाईंनी बोट ओठावर ठेवलं. पोरं मनातल्या मनात मोजायला लागली, पण पोरांचं मनातलं बाहेर ऐकू येतंच. निम्मी मराठीत, निम्मी कन्नडात. दहा झाले. तीस झाले. दिवा लागला नाही. पन्नासाला पोरांची तोंडं फुलली. बजाबाई देवाचं नाव घेत होती, कुठल्या देवाचं तेही तिला कळत नव्हतं. साठ. सत्तर.

पंच्याहत्तरला लाल दिवा लुकलुकला.

"अजून एक चोर आहे," दानेश्वरी बाई म्हणाल्या. त्या हसूनच म्हणाल्या. त्यांना खेळ रंगल्याचा आनंद झाला होता. पोरांनी इकडंतिकडं बघितलं. ऑफिस झालं होतं, दोन्ही वर्ग झाले होते. राहिली होती ती स्वैपाकखोली आणि तिच्या आतली कोठी. कोठीची किल्ली बजाबाईच्या कमरेला होती. एकेक करून चौतीस माना तिच्याकडं वळल्या.

 ती आत गेली, हळदीचा डबा घेऊन आली, आणि त्यातनं पिवळाधमक चार्जर काढून बाईंपुढं धरला.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली. "आठवडाभर लावला म्या. न इचारता. त्या पोरीला म्या खोटं सांगितलं, बाईंचा हाय म्हून. चोर म्या हाय. लिव्हा वहीत."

 दानेश्वरी बाईंचं हसू तोंडावरच राहिलं, आणि मग त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. गुरुजी चष्मा पुसायला लागले. एवढ्यात उत्कर्षा पुढं झाली. तिनं चार्जर निरखला, वायर कुठं जाते ते बघितलं, मग मीटरकडं बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. ती माणुसकीची नव्हती, हिशेब जुळत नसल्याची होती.

"पन मावशी," ती म्हणाली, "हा तर आत्ता तुमच्या हातात हाय. मग लाल दिवा कशानं लागतोय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सगळे कोठीत घुसले. तांदळाच्या पोत्यांमागं, भिंतीला अगदी वर, एक झिरोचा बल्ब जळत होता. मळकट पिवळा, कोळ्याच्या जाळ्यात. पाच-सहा वर्षांपूर्वी पोत्यांमागनं घोणस निघाली होती. तेव्हापासून बजाबाईला अंधारात हात घालायची भीती बसली. मग जोतिराम वायरमननं तिला तो बल्ब लावून दिला होता. बटणाला शॉक यायचा म्हणून बटणच काढून थेट जोडला होता. तेव्हापासून तो रात्रंदिवस जळत होता, आणि तो जळतो हे सगळ्यांना ठाऊक असून कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

"त्यो झिरोचा हाय," बजाबाई म्हणाली. "झिरोला काय लागतंय?"

"व्हय की," गुरुजी म्हणाले. "झिरोला वीज लागत नाही." बाईंनी मान हलवायला सुरुवात केली होती, कारण त्यांच्याही घरी देवघरात तसाच बल्ब होता आणि त्यांच्या आईनंही त्यांना हेच शिकवलं होतं. पण मान अर्ध्यावर थांबली. त्यांनी हात उंच केला आणि बल्बला बोट लावलं. चटका बसला.

"फुकट जळतो तर तापतो कशाला?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

गुरुजींनी मेन स्विच पाडला, फडक्यानं धरून बल्ब काढला, मेन पुन्हा चालू केला. पोरं व्हरांड्यात धावली. मोजणी सुरू झाली. पंच्याहत्तर गेले. शंभर गेले. कन्नडवाले आणि मराठीवाले आता एका सुरात मोठ्यानं मोजत होते. दोनशे झाले तरी मीटर गप्प. मग जो आरडाओरडा झाला तो मंद्रूपला ऐकू गेला असेल. उत्कर्षानं वहीत लिहिलं, ‘कोठीतला झिरो.’ आणि त्याच्या वरची ओळ तिनं खोडली. खोडल्यावर तिनं बाईंना विचारलं, मोबाईलला किती वीज लागते? बाई म्हणाल्या, हा बल्ब एका दिवसात जेवढी खातो तेवढ्यात मावशींचा फोन महिनाभर तरी चालेल.

बजाबाईनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती हातातल्या मेलेल्या फोनकडं बघत होती. "बाई," ती म्हणाली, "आता लावू का ह्यो? माजी लेक…"

दानेश्वरी बाईंनीच तो तिच्या हातातनं घेतला आणि ऑफिसात टेबलावर लावला. पोरं दारात, खिडकीत गोळा झाली. फोन चार-पाच मिनिटं काळा राहिला. मग उजळला, आणि लगोलग मेसेज येऊन पडले. बाईंनी ते वाचून दाखवले. ऋतुजाचे चौदा फोन येऊन गेले होते. पहिला पहाटे पाचला. शेवटचा सव्वासातला.

बाईंनीच नंबर लावून दिला, आणि वायर आखूड होती म्हणून फोन टेबलावरच ठेवून स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. बजाबाईनं टेबलाची कड धरली. तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहू नये. तुटता तुटता रिंग थांबली.

"आई." आवाज थकलेला, पण ऋतुजाचाच. "मुलगी झाली. आठाला. दोगी बी बऱ्या हाव."

दारातल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि शेजारच्यानं त्याचा हात धरला. बजाबाईनं डोळ्यांना पदर लावला. कोण होतं तुझ्यापाशी, हे तिनं तीनदा विचारलं. ऋतुजानं सांगितलं, कुणी नव्हतं. पहाटेपासून कळा येत होत्या, पोर उठून रडत होतं. ती एका हातानं भिंत धरून फोन लावत होती. शेवटी शेजारच्या तानाबाईच्या पत्र्यावर तिनं दगड मारले, तेव्हा ती उठली आणि रिक्षातनं दवाखान्यात नेलं. वाटेतच होतंय की काय असं झालं होतं. हे सगळं तिनं फार सावकाश सांगितलं.

"तू म्हनली हुतीस, फोन हातात घिऊन बसते," ऋतुजा म्हणाली. "मग बंद का ठिवलास?"

डीपी जळालाय, हे बजाबाईच्या जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं आणि त्यात कुणाचं काही गेलं नसतं. पण एका आठवड्यात एक खोटं तिला पुरे झालं होतं. समोर चौतीस पोरं होती, आणि उत्कर्षा तिच्याकडं टक लावून बघत होती.

"चार्जिंग हितं शाळंत हुतं गं," ती म्हणाली. "पर चोर म्हनतील म्हून म्या लावलाच न्हाय."

 ऋतुजानं विचारलं, "कोन म्हनलं तुला चोर?"

बजाबाईनं वर बघितलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. दानेश्वरी बाईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"कुनीच न्हाय," बजाबाई म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.